हिरवे दिवे, रिकामे संगणक: अनेक इंटरफेस असलेल्या संगणकांवर योग्य स्थानिक पत्ता निवडण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका संशोधन गटाच्या संगणन यंत्रणेचे आहे. गटाचे नाव गाळले आहे आणि आयपी पत्ते बदलले आहेत.

यंत्रणेची रचना साधी होती. एक नियंत्रक सर्व्हर मोठ्या गणनेचे तुकडे पाडून ते अनेक वर्कर संगणकांना वाटून देत असे. प्रत्येक वर्करवर एक छोटा एजंट चालू असे. सुरू होताच तो स्वतःचा आयपी पत्ता शोधत असे, नियंत्रकाशी जोडणी करून "माझा पत्ता अमुक, पोर्ट ७४००" अशी नोंदणी करत असे आणि मग कामाची वाट पाहत असे. काम देण्याची वेळ आली की नियंत्रक नोंदवलेला पत्ता काढून त्यावर नव्याने जोडणी करत असे. म्हणजे नोंदणीची जोडणी वर्करकडून नियंत्रकाकडे जाई, तर कामाची जोडणी नियंत्रकाकडून वर्करकडे येई. या उलट दिशेच्या जोडणीमुळेच वर्करने सांगितलेल्या पत्त्याला महत्त्व होते.

संगणक दोन खोल्यांत विभागलेले होते. जुन्या खोलीतील प्रत्येक संगणकाला दोन नेटवर्क कार्डे होती. एक कार्ड १०.२०.४.० या ऑफिस नेटवर्कवर होते आणि त्याला डीएचसीपीने (पत्ते आपोआप वाटणाऱ्या सेवेने) पत्ता मिळत असे. दुसरे कार्ड १९२.१६८.५०.० या वेगवान डेटा नेटवर्कवर होते, त्याचा पत्ता हाताने कायमचा दिलेला होता आणि त्यावर साठवणुकीच्या सर्व्हरशी होणारी वाहतूक सोडून बाकी सर्व काही फायरवॉलने बंद केले होते. नव्या खोलीतील संगणकांना एकच कार्ड होते. ते १०.२०.७.० या वेगळ्या सबनेटवर (नेटवर्कच्या उपविभागावर) होते आणि राउटरमार्गे नियंत्रकापर्यंत पोहोचत असे. नियंत्रक स्वतः ऑफिस नेटवर्कवर १०.२०.४.१० आणि डेटा नेटवर्कवर १९२.१६८.५०.१० या पत्त्यांवर होता. फुटकळ कामांसाठी एजंटची एक प्रत खुद्द नियंत्रकावरही चालत असे, आणि हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला.

स्वतःचा पत्ता शोधण्याचा एजंटचा नियम असा होता: सर्व इंटरफेसची (नेटवर्कशी जोडणाऱ्या खऱ्या किंवा आभासी कार्डांची) यादी घ्यावी, १२७ ने सुरू होणारे लूपबॅक (संगणकाने स्वतःशीच बोलण्याचे) पत्ते सोडून द्यावेत, उरलेल्यांपैकी पहिला आयपीव्ही४ पत्ता उचलावा, आणि एकही पत्ता नसेल तर पाच सेकंद थांबून पुन्हा पाहावे. एकदा निवडलेला पत्ता एजंट बंद होईपर्यंत कायम राहत असे. हा नियम बरीच वर्षे विनातक्रार चालला. तो बरोबर होता म्हणून चालला असे मात्र नाही. ऑफिसचे कार्ड यादीत नेहमी आधी येई आणि एजंट सुरू होईपर्यंत त्याला पत्ता मिळालेला असे, या दोन योगायोगांवर तो उभा होता.

अडचण कशी दिसली

देखभालीच्या एका सुट्टीत दोन बदल एकत्र झाले. सर्व संगणकांवर, नियंत्रकासह, डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारे साधन) बसवण्यात आले, आणि दोन्ही खोल्यांतील जुने स्विच काढून नवे लावण्यात आले. त्यानंतर सर्व संगणक रीबूट झाले.

पुढच्या कामकाजाच्या दिवशी दोन प्रकारच्या तक्रारी आल्या. जुन्या खोलीतील काही संगणक नियंत्रकाच्या पडद्यावर लाल दिसत होते. त्यांच्याशी जोडणी करताना मुदत संपत होती. एजंट पुन्हा सुरू केला की ते हिरवे होत. ही अडचण त्रासदायक होती, पण निदान उघड होती. नव्या खोलीची गोष्ट वेगळी होती. तेथील सर्व संगणक हिरवे दिसत होते, त्यांच्या नावावर कामे जात होती, कामे पूर्ण होत होती आणि निकालही अचूक येत होते; फक्त सर्व काही असह्य मंद झाले होते. नव्या खोलीत जाऊन पाहिले तर काही संगणकांचे पंखेसुद्धा फिरत नव्हते, आणि प्रोसेसरचा वापर शून्याच्या आसपास होता. त्याच वेळी नियंत्रक सर्व्हर मात्र भाराखाली वाकला होता.

लाल दिव्यांची तक्रार आधी हाती घेतली गेली, कारण ती दिसत होती. हिरव्या पण रिकाम्या संगणकांकडे वळायला उशीर झाला, आणि खरा धोका तिथेच होता.

निदान

सुरुवातीला संशय कामे वाटण्याच्या तर्कावर गेला. नियंत्रकावरचा भार पाहून काहींनी डिस्कच्या वेगाकडे बोट दाखवले, काहींनी नुकत्याच बसवलेल्या डॉकरकडे. डॉकरवरचा संशय अर्धा बरोबर होता, पण त्यामागचा "ते संगणकाची ताकद खाते" हा तर्क चुकीचा होता.

कोंडी फुटली ती नव्या खोलीतील एका संगणकावर पॅकेट टिपून पाहिल्यावर. नियंत्रकाच्या नोंदीनुसार त्या क्षणी तो संगणक एक मोठे काम करत होता. प्रत्यक्षात पोर्ट ७४०० वर एकही पॅकेट येत नव्हते. मग नियंत्रकावर चालू जोडण्यांची यादी काढली गेली. कामाच्या जोडण्यांमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता १७२.१७.०.१ होता आणि घेणाऱ्याचा पत्ताही १७२.१७.०.१ होता. नियंत्रक स्वतःशीच बोलत होता.

नोंदणीच्या लॉगमधून उरलेला दुवा मिळाला. एकाच ओळीत दोन पत्ते होते: जोडणी १०.२०.७.३१ वरून आली होती, आणि संदेशाच्या मजकुरात "माझा पत्ता १७२.१७.०.१" असे लिहिलेले होते. अशा ओळी एकापेक्षा अधिक संगणकांच्या होत्या, आणि सर्वांनी सांगितलेला पत्ता एकच होता. पत्ता एकमेव असावा अशी अट नोंदवहीत नसल्यामुळे कोणीही हरकत घेतली नव्हती.

१७२.१७.०.१ हा डॉकरच्या डीफॉल्ट ब्रिजचा (आभासी स्विचचा), म्हणजे डॉकर० या आभासी इंटरफेसचा नेहमीचा पत्ता आहे. वेगळे काही सांगितले नाही तर डॉकर बसवलेल्या प्रत्येक लिनक्स संगणकावर हाच पत्ता असतो. त्यामुळे नियंत्रकाने "नव्या खोलीतील संगणकाच्या" पत्त्यावर जोडणी मागितली की नियंत्रकाच्या कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) तो पत्ता आपलाच असल्याचे दिसे आणि जोडणी बाहेर न जाता आतल्या आत पोहोचवली जाई. तिथे नियंत्रकावरचा एजंट सर्व पत्त्यांवर कान देऊन बसलेला होताच. "तयार आहेस का?" या तपासणीला तो प्रामाणिकपणे "तयार" असे उत्तर देई, आणि मग अनेक संगणकांची कामे एकटाच करत बसे. नियंत्रकावर डॉकर नसते किंवा एजंट नसता, तर ही जोडणी अयशस्वी झाली असती आणि दिवे लाल झाले असते.

पण मुळात एजंटने डॉकरचा पत्ता उचलला कसा, हे अजून उलगडलेले नव्हते. डॉकर० हा इंटरफेस खऱ्या कार्डानंतर तयार होतो, त्यामुळे यादीतही तो सहसा नंतर येतो. उत्तर नव्या स्विचमध्ये होते. त्यांच्या पोर्टवर (केबल लावण्याच्या खाचांवर) स्पॅनिंग ट्रीची, म्हणजे नेटवर्कमध्ये चक्राकार वाटा होऊ न देणाऱ्या पद्धतीची, नेहमीची वागणूक चालू होती. केबलमध्ये संकेत आला तरी पोर्ट आधी ऐकण्याच्या आणि मग शिकण्याच्या अवस्थेत जातो, प्रत्येक अवस्था डीफॉल्टने १५ सेकंदांची असते, आणि हे ३० सेकंद संपेपर्यंत संगणकाची डीएचसीपीची विनंती पुढे सरकत नाही. बूट लवकर व्हावे म्हणून नेटवर्क तयार होण्याची वाट पाहणारी सेवा या संगणकांवर बंद ठेवलेली होती. त्यामुळे एजंट सुरू झाला तेव्हा डीएचसीपीवर अवलंबून असलेल्या कार्डाला पत्ताच नव्हता. नव्या खोलीत त्या क्षणी उपलब्ध असलेला एकमेव पत्ता डॉकरचा होता. जुन्या खोलीत कायमचा दिलेला डेटा नेटवर्कचा पत्ता आधीच तयार होता. तो उचलला गेला आणि फायरवॉलमुळे दिवा लाल झाला. अर्ध्या मिनिटाने खरा पत्ता मिळे आणि त्याच वाटेने नोंदणी यशस्वी होई, पण सांगितला जाई तो आधी उचलून ठेवलेला पत्ता. कोणत्या संगणकावर डॉकर आधी तयार होई आणि कुठे एजंट आधी जागा होई, हे प्रत्येक बूटला बदलत असल्यामुळे दोष कधी दिसे, कधी दिसत नसे.

मूळ प्रश्न कुठे चुकला होता

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण स्विचची मांडणी बदलून आणि एजंट उशिरा सुरू करून दोन्ही तक्रारी त्याच दिवशी गप्प करता आल्या असत्या, आणि गटातील काहींचे मत तसेच होते.

एजंट विचारत होता: "या संगणकाचा पत्ता कोणता?" हा प्रश्नच अपुरा आहे. आयपी पत्ता संगणकाला नसतो, इंटरफेसला असतो. आणि एका इंटरफेसलाही अनेक पत्ते असू शकतात. लूपबॅक, केबल, वायफाय, व्हीपीएनचा बोगदा, व्हर्च्युअल मशीनचा ब्रिज, कंटेनरचा ब्रिज हे सर्व एकाच लॅपटॉपवर एकाच वेळी नांदताना आज सर्रास दिसतात. घराला दोन रस्त्यांवर दोन दारे असतील तर पाहुण्याला कोणते दार सांगायचे हे तो कोणत्या रस्त्याने येणार यावर ठरते. त्याचप्रमाणे "मला कोण गाठणार आहे?" हे सांगितल्याशिवाय योग्य पत्त्याला अर्थ नाही. नियंत्रकासाठी योग्य असलेला पत्ता साठवणुकीच्या सर्व्हरसाठी चुकीचा असू शकतो, आणि उलटही.

विचारात घेतलेले पर्याय

पहिली सूचना होती ती होस्टनेमवरून, म्हणजे संगणकाच्या नावावरून, पत्ता काढण्याची. ती लवकरच मागे पडली. डेबियन आणि त्यावर आधारलेल्या लिनक्स वितरणांत होस्ट्स फाइलमध्ये संगणकाचे नाव १२७.०.१.१ या पत्त्याला जोडलेले असण्याची पद्धत आहे, त्यामुळे तिथे नाव विचारले की लूपबॅकच पुढे येतो. जिथे डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा) नीट सांभाळलेले आहे तिथे हा मार्ग चालतो, पण मग योग्य पत्ता निवडण्याची जबाबदारी डीएनएस सांभाळणाऱ्यावर ढकलली जाते, एवढेच.

दुसरा पर्याय इंटरफेसच्या नावाचा होता. पूर्वी इथ० (पहिल्या कार्डाचे ठरलेले नाव) म्हटले की काम भागत असे. २०१३ पासून लिनक्समधील सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीने कार्डाच्या जागेवरून नावे ठरवण्याची पद्धत आणली. त्यामुळे एका संगणकावरचे नाव रीबूटनंतर बदलत नाही, पण दोन वेगळ्या बनावटींच्या संगणकांवर ऑफिसच्या कार्डाचे नाव एकच असेल याची खात्री नाही. सर्व संगणक अगदी एकसारखे असते तर हा पर्याय वाईट नव्हता.

तिसरा पर्याय नको असलेले इंटरफेस वगळण्याचा होता आणि त्याला सर्वाधिक पाठिंबा होता, कारण तो एका ओळीत लिहिता येत होता: डॉकर० वगळा. त्याचा तपशिलात विचार झाला हे बरे झाले. डॉकरमध्ये कोणी स्वतःचे नेटवर्क तयार केले की वेगळ्या नावाचा ब्रिज उभा राहतो. व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या लिबव्हर्टचा ब्रिज डीफॉल्टने १९२.१६८.१२२.१ वर असतो, व्हर्च्युअलबॉक्सचा होस्ट-ओन्ली इंटरफेस १९२.१६८.५६.१ वर. ही यादी संपणारी नाही. प्रत्येक नव्या साधनागणिक ती वाढवावी लागते, आणि वाढवायची राहिली की तोच दोष परत येतो. "फक्त खाजगी पत्ते घ्या" किंवा "खाजगी सोडा" असा नियमही कामाचा नव्हता. १९९६ च्या आरएफसी १९१८ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) राखून ठेवलेल्या तीन खाजगी पट्ट्यांपैकी १७२.१६.०.० ते १७२.३१.२५५.२५५ या पट्टीतच डॉकरचा पत्ता पडतो, आणि ऑफिसचे व डेटाचे पत्तेही उरलेल्या दोन खाजगी पट्ट्यांतलेच होते. इंटरफेसवर प्रत्यक्ष संकेत आहे का हे पाहण्याचीही सूचना आली. पण एखादा कंटेनर चालू झाला की डॉकर० वरही संकेत दिसू लागतो.

चौथा पर्याय कॉन्फिगरेशनमध्ये पट्टी लिहून ठेवण्याचा: "१०.२०.०.० या १६ बिटांच्या पट्टीतील पत्ता घ्या." हा नियम वाचणाऱ्याला लगेच कळतो आणि इंटरफेसच्या नावावर अवलंबून नसतो. मात्र प्रत्येक ठिकाणी तो कोणीतरी लिहावा लागतो, आणि नेटवर्कची फेररचना झाली की बदलावा लागतो. तो मुख्य मार्ग म्हणून नव्हे, तर स्वयंचलित निवड नको असेल तेव्हाचा उपाय म्हणून बाजूला ठेवला गेला.

पाचवा पर्याय कर्नललाच विचारण्याचा होता. नियंत्रकाकडे पॅकेट पाठवायचे झाले तर कर्नल राउटिंग टेबल (कोणत्या पत्त्याकडे कोणत्या वाटेने जायचे याचा तक्ता) पाहून इंटरफेस आणि पाठवणाऱ्याचा पत्ता निवडतोच. तीच निवड वाचून घ्यायची. त्यासाठी एक प्रसिद्ध युक्ती आहे: यूडीपी (आधी जोडणी न जुळवता पॅकेट पाठवण्याची पद्धत) सॉकेट उघडायचा, त्यावर नियंत्रकाच्या पत्त्यासह कनेक्ट ही आज्ञा द्यायची आणि मग सॉकेटचा स्थानिक पत्ता विचारायचा. यूडीपीवर कनेक्ट केल्याने एकही पॅकेट बाहेर जात नाही. फक्त मार्ग ठरतो आणि स्थानिक पत्ता बांधला जातो. आज्ञा-पटलावर हेच पाहायचे असेल तर "आयपी राउट गेट" या आज्ञेला गंतव्य पत्ता द्यावा. नव्या खोलीत तिचे उत्तर १०.२०.७.१ या गेटवेमार्गे आणि स्रोत पत्ता १०.२०.७.३१ असे आले.

या युक्तीची जी रूपे सगळीकडे नकलून घेतलेली दिसतात, त्यांत नियंत्रकाऐवजी ८.८.८.८ सारखा इंटरनेटवरचा पत्ता घातलेला असतो. गटातील पहिल्या मसुद्यातही तसेच होते. ते बदलणे हा या प्रकरणातील एक महत्त्वाचा निर्णय ठरला. इंटरनेटकडे जाणाऱ्या वाटेचा पत्ता आणि नियंत्रकाकडे जाणाऱ्या वाटेचा पत्ता बहुतेक वेळा एकच असतो, आणि हे "बहुतेक वेळा"च घातक आहे. व्हीपीएनने डीफॉल्ट मार्ग आपल्याकडे ओढला की उत्तर बदलते; इंटरनेट नसलेल्या बंदिस्त नेटवर्कवर डीफॉल्ट मार्गच नसेल तर कनेक्टच अयशस्वी होते.

मुळात यूडीपीची गरजही नव्हती. एजंट नोंदणीसाठी नियंत्रकाशी टीसीपी जोडणी करतच होता. त्याच जोडणीच्या आपल्या बाजूचा पत्ता वाचला तरी तेच उत्तर मिळते, आणि ती वाट त्या क्षणी चालू आहे याचा पुरावाही हातात येतो.

सहावा पर्याय म्हणजे वर्करने काही सांगूच नये. नियंत्रकाने जोडणी ज्या पत्त्यावरून आली तो नोंदवावा. मधे पत्त्यांची अदलाबदल करणारे एनएटी किंवा प्रॉक्सी नसेल तर हा पर्याय पाचव्याइतकाच चांगला आहे. एनएटी असेल तर मात्र नियंत्रकाला मधल्या उपकरणाचा पत्ता दिसतो.

सातवा पर्याय सर्व पत्ते सांगून कोणता चालतो ते नियंत्रकाला पारखू देण्याचा होता. दूरध्वनी आणि व्हिडिओ संवादासाठी वापरली जाणारी आयसीई ही पद्धत, जिचे सध्याचे रूप २०१८ च्या आरएफसी ८४४५ मध्ये आहे, नेमके हेच करते: दोन्ही बाजू आपापले सर्व संभाव्य पत्ते देतात आणि जोड्या तपासून पाहतात. या गटाला ते अवजड वाटले. शिवाय १७२.१७.०.१ हा पत्ता त्या पारखणीतही "चालतो" असाच दिसला असता, कारण उत्तर देणारा कोण आहे हे कोणी विचारतच नव्हते.

आठवा पर्याय सर्वांत मूलगामी होता: उलट जोडणीच काढून टाकावी. वर्करने नियंत्रकाशी केलेली जोडणी उघडी ठेवावी आणि कामे तिच्यावरूनच यावीत. मग वर्करचा पत्ता कोणालाच लागणार नाही. यासाठी नियंत्रकातील कामवाटपाचा भाग पुन्हा लिहावा लागणार होता आणि चालू गणना थांबवणे शक्य नव्हते, म्हणून तो पुढे ढकलला गेला.

निर्णय आणि अंमलबजावणी

पाचवा पर्याय मुख्य, चौथा हाताने बदलण्यासाठी आणि सहावा ताळा पाहण्यासाठी, असे ठरले. पण सर्वांत आधी यांपैकी काहीही न करता ओळखीची तपासणी आणली गेली, आणि हा क्रम माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता. प्रत्येक एजंटला एक यादृच्छिक ओळख क्रमांक दिला गेला, आणि "तयार आहेस का?" या प्रश्नाला फक्त "तयार" न म्हणता ओळख क्रमांकासह उत्तर देणे बंधनकारक झाले. क्रमांक जुळला नाही तर दिवा लाल. हा बदल चढवताच नव्या खोलीतील अनेक संगणक एकदम लाल झाले आणि काही जणांना वाटले की दुरुस्तीनेच बिघाड केला. प्रत्यक्षात आतापर्यंत लपलेला बिघाड पहिल्यांदा दिसू लागला होता.

त्यानंतर पत्ता निवडण्याची वेळ बदलली गेली. एजंट सुरू होताना पत्ता ठरवण्याऐवजी नोंदणीची जोडणी यशस्वी झाल्यावर तिच्यातून पत्ता वाचायचा, आणि जोडणी तुटून पुन्हा जुळली की तो नव्याने वाचायचा. नोंदवहीतील नोंद पत्त्याऐवजी ओळख क्रमांकाने ओळखली जाऊ लागली, त्यामुळे पत्ता बदलला तरी एकाच संगणकाच्या दोन नोंदी होत नसत. लॉगमध्ये प्रत्येक निवडीची एक ओळ येऊ लागली: कोणते पत्ते उपलब्ध होते, कोणता घेतला आणि कोणत्या कारणाने.

ऐकण्याच्या पत्त्यावरून थोडा वाद झाला. निवडलेल्या पत्त्यावरच ऐकावे, म्हणजे डेटा नेटवर्कवरून कोणी एजंटला गाठू शकणार नाही, असे एक मत होते. त्यावर दोन आक्षेप आले. पत्ता अजून मिळालेला नसताना त्यावर ऐकायला बसता येत नाही. आज्ञा अयशस्वी होते. दुसरा आक्षेप अधिक खोल होता. १९८९ च्या आरएफसी ११२२ ने अनेक इंटरफेस असलेल्या संगणकाची दोन प्रतिमाने मांडली आहेत. कडक प्रतिमानात एका इंटरफेसच्या पत्त्यासाठीचे पॅकेट त्याच इंटरफेसवर आले तरच स्वीकारले जाते. सैल प्रतिमानात ते कोणत्याही इंटरफेसवर आले तरी चालते. लिनक्स डीफॉल्टने सैल वागतो, विंडोज व्हिस्टापासून कडक. म्हणजे लिनक्सवर एका पत्त्यावर ऐकणे म्हणजे एकाच केबलवर ऐकणे नव्हे, आणि सुरक्षेचे काम फायरवॉललाच करावे लागते. शेवटी ऐकणे सर्व पत्त्यांवर, म्हणजे ०.०.०.० वर, आणि जाहीर करणे मात्र एकच पत्ता, अशी विभागणी कायम ठेवली गेली. बऱ्याच वितरित प्रणालींत या दोन गोष्टींसाठी दोन वेगळ्या सेटिंग असतात ते याच कारणाने.

स्विचच्या संगणकाकडे जाणाऱ्या पोर्टवरचा ३० सेकंदांचा विलंबही काढण्यात आला, पण तो सर्वांत शेवटी. आधी काढला असता तर नवा नियम प्रतिकूल परिस्थितीत टिकतो का हे पाहताच आले नसते.

परिणाम

जुन्या आणि नव्या दोन्ही खोल्यांतील मूळ तक्रारी थांबल्या. एका वापरकर्त्याचा लॅपटॉप केबल आणि वायफाय अशा दोन्ही वाटांनी एकाच सबनेटवर होता; तिथे नेटवर्कमॅनेजर (लिनक्समधील जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम) केबलच्या मार्गाला १०० आणि वायफायच्या मार्गाला ६०० असे मेट्रिक (आकडा कमी तेवढी पसंती जास्त) देत असल्यामुळे कर्नलने केबलचा पत्ता निवडला. केबल काढल्यावर जोडणी तुटली, पुन्हा जुळली आणि वायफायचा पत्ता आपोआप नोंदवला गेला.

सहाव्या पर्यायातून घेतलेला ताळा मात्र अपेक्षेप्रमाणे चालला नाही. वर्करने सांगितलेला पत्ता आणि नियंत्रकाला दिसलेला पत्ता वेगळे असतील तर नोंदणी नाकारावी, असा नियम लिहिला होता. व्हीपीएनवरून जोडलेल्या दोन-तीन संगणकांनी तो लगेच मोडला, कारण व्हीपीएनचा गेटवे मधे पत्ता बदलत होता. वर्करने बोगद्याचा पत्ता अगदी योग्य निवडला होता, पण नियंत्रकाला गेटवेचा पत्ता दिसत होता. नियम सौम्य करून फरकाची केवळ लॉगमध्ये सूचना ठेवण्यात आली, आणि खरा निर्णय उलट जोडणीच्या चाचणीवर सोपवला गेला: नोंदणी आली की नियंत्रक सांगितलेल्या पत्त्यावर जोडणी करून पाहतो आणि ओळख क्रमांक जुळला तरच संगणकाला तयार मानतो. व्हीपीएनवरचे संगणक या चाचणीत नापास झाले आणि लाल राहिले. एनएटीच्या पलीकडच्या संगणकाला पाचवा पर्याय गाठता येण्याजोगा करू शकत नाही, आणि हे आता पडद्यावर स्पष्ट दिसत होते.

आयपीव्ही६ चा प्रश्न गटाने टाळला. नियंत्रणाची वाहतूक आयपीव्ही४ वरच ठेवली. टाळण्याचे कारण समजण्यासारखे आहे. तिथे एका कार्डावरही लिंक-लोकल (फक्त त्याच नेटवर्कपुरता), स्थिर आणि तात्पुरता असे अनेक पत्ते असतात. २०१२ च्या आरएफसी ६७२४ मधील निवडीचे नियम बाहेर जाणाऱ्या जोडणीसाठी तात्पुरत्या पत्त्याला प्राधान्य देतात, कारण तो खाजगीपणासाठी असतो आणि डीफॉल्ट मांडणीत साधारण दिवसभराने बदलतो. जोडणीचा स्थानिक पत्ता वाचून तोच जाहीर करण्याचा नियम आयपीव्ही६ वर जसाच्या तसा लावला, तर उद्या निरुपयोगी होणारा पत्ता आज नोंदवला जाईल. तिथे सॉकेटला स्थिर पत्ता पसंत असल्याचे आधी सांगावे लागते.

वेगळे काय करता आले असते

डॉकर आणि स्विच हे बदल एकाच सुट्टीत न करता वेगळे केले असते, तर निदान सोपे झाले असते. पण दोष टळला नसता, कारण तो नियमातच होता. अधिक उपयोगी ठरले असते ते चाचणीचे वातावरण. विकासकांच्या संगणकांवर एकच कार्ड आणि एकच पत्ता असे, आणि अशा संगणकावर पत्ता निवडण्याचा कोणताही नियम बरोबरच ठरतो. लिनक्सच्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये (एकाच संगणकावरच्या अलग नेटवर्क-कप्प्यात) आभासी इंटरफेस तयार करून, एकाला उशिरा पत्ता देऊन, दोन संगणकांवर मुद्दाम तोच ब्रिजचा पत्ता ठेवून ही सारी परिस्थिती एका प्रोग्राममधून उभी करता येते. गटाने अशी चाचणी नंतर लिहिली; जुना नियम तिच्यात पहिल्याच फेरीत पडला.

अनेक उमेदवार असताना गप्प बसून एक उचलणे हाही टाळता येण्याजोगा भाग होता. नेटवर्कवरील सेवांची नोंद ठेवणाऱ्या कॉन्सुल या साधनाला अनेक खाजगी आयपीव्ही४ पत्ते सापडले आणि कोणता वापरायचा हे सांगितलेले नसले, तर ते सुरू होण्यासच नकार देते आणि पत्ता नेमून द्यायला सांगते. बसवणाऱ्याला हे सुरुवातीला जाचक वाटते. या गटातही कोणीतरी कुरकुरले असते. पण ती कुरकुर बसवण्याच्या दिवशीच झाली असती आणि चुकीच्या संगणकावर गणना चालली नसती.

आठव्या पर्यायाबद्दल माझे मत गटापेक्षा वेगळे आहे. पुनर्लेखनाचा खर्च मोजताना तुलना फक्त एजंटमधील छोट्या दुरुस्तीशी केली गेली. ओळखीची तपासणी, उलट जोडणीची चाचणी, हाताने बदलायचे सेटिंग, व्हीपीएनवरच्या संगणकांना वगळणे आणि आयपीव्ही६ टाळणे हा सर्व खर्च उलट जोडणी ठेवल्यामुळेच करावा लागला. यांपैकी ओळखीची तपासणी कोणत्याही रचनेत हवीच होती. बाकीच्या चारही गोष्टी उघड्या जोडणीवर अनावश्यक ठरल्या असत्या. उघड्या जोडणीचे स्वतःचे प्रश्न आहेत हे खरे: ती मधेच मेली तर ते लवकर कळावे म्हणून दोन्ही बाजूंनी ठराविक अंतराने संदेश पाठवावे लागतात, आणि नियंत्रक रीबूट झाला की सर्व वर्कर एकदम धावून येऊ नयेत म्हणून प्रत्येकाने यादृच्छिक वेळ थांबावे लागते. तरीही वर्कर संगणक व्हीपीएनवर वाढत जाणार हे ज्या दिवशी ठरले, त्या दिवशी हा पर्याय पुन्हा टेबलावर यायला हवा होता. हे लिहीपर्यंत तो गटाच्या कामांच्या यादीत आहे, पण त्याला तारीख मिळालेली नाही.